मुक्कामाची गाडी

भिकाजीनं महिनाभर गावात असा डांगोरा पिटला होता, की परंदवडीतल्या म्हशींनासुद्धा बातमी पाठ झाली असेल. लेक येणार आहे, आणि विमानानं नाही, स्वतःची गाडी स्वतः चालवत येणार आहे. हॉलंडहून निघून सगळा युरोप पालथा घालत, तुर्कस्तान आणि सौदी करत दुबईपर्यंत रस्त्यानं, आणि तिथून गाडी जहाजात चढवून मुंबईला. गाडीही साधीसुधी नव्हे. आत पलंग, शेगडी, फ्रीज, नळाला पाणी. मोटारहोम म्हणतात तिला. गावानं तिचं घरगाडी करून टाकलं होतं.

"समुद्रात पोहत आली व्हय रं गाडी?" अंबाजीनं विचारलं होतं. अंबाजी म्हणजे भिकाजीच्या बांधाला बांध लागून असलेला शेतकरी आणि लहानपणापासूनचा सोबती. भिकाजीनं काही सांगितलं की त्यातली हवा काढणं हे आपलं जन्माचं काम आहे असं तो समजत असे.

"जहाजातनं आली. पन घाटातनं शुभी चालवत आननार. माज्या दारात उभी करनार."

"बगू. परदेशी गेलेली पोरं विमानानं येत्यात आन चार दिसात फुर्र व्हत्यात."

हे 'फुर्र' भिकाजीला फार लागलं, कारण ते खोटं नव्हतं. शुभदा नर्स होऊन हॉलंडला गेली, तिथल्याच योस्ट नावाच्या मुलाशी लग्न करून राहिली, आणि मागच्या खेपेला आली ती खरोखरच चार दिवसांसाठी. त्यातलाही एक दिवस वडगावच्या तहसील कचेरीनं खाल्ला.

भिकाजी निवृत्त होईपर्यंत एस.टी.त ड्रायव्हर होता. निम्मी नोकरी त्यानं तिकोना पेठेच्या मुक्कामाच्या गाडीवर काढली. संध्याकाळी गाडी घेऊन किल्ल्याच्या पायथ्याला जायचं, गाडीतच झोपायचं आणि उजाडायच्या आत पहिली फेरी घेऊन सुटायचं. तिकोना पेठेनं त्याला पोटभर जेवू घातलं, जीव लावला. स्वतःच्या घरची माणसं मात्र त्याला बहुतेक वेळा झोपलेलीच दिसायची. लहानपणी शुभदा एकदा फुरंगटून म्हणाली होती, "बाबा, आपल्या गावाला का नाही मुक्कामाची गाडी?" परंदवडी मोठ्या रस्त्यापासून जवळच, तिला मुक्कामाची गाडी कोण देणार? भिकाजीनं तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न त्याच्या मनातून कधी गेला नाही.

पुढं तिनं हट्ट धरला म्हणून त्यानं कुणाची तरी जीप मागून आणली आणि पवना धरणाच्या कडेनं तिला गाडी शिकवली. भावकीतले म्हणाले, पोरीला काय एस.टी.त घालायचीय का? तिचं लग्न परदेशात झाल्यावर तेच म्हणाले, गेली ती गेली. म्हणून भिकाजीला ही गाडी दारात हवी होती. चालत आलेली, आणि शुभदाच्या हातची. एवढं एक झालं असतं तर त्याला कुणाकडूनच काही नको होतं.

दिवसही छान धरला होता, बुद्ध पौर्णिमेचा. संध्याकाळी विहारात वंदना, खीर, सगळा गाव जमलेला, आणि त्यात लेकीची गाडी येणार. भिकाजी पांढराशुभ्र नवा शर्ट घालून सकाळपासून ओट्यावर बसला होता, तेवढ्यात फोन आला.

"बाबा, घाट चढलो. लोणावळ्यात आहोत. पण बॅटरीचा लाल दिवा पेटलाय आणि आता गाडी सुरूच होत नाहीये."

"डायनामो गेला, बॅटरी भरंना झालीया," भिकाजी म्हणाला. "दिवा लागल्यावर बंद कशाला केली गं?"

"चहा प्यायला थांबलो होतो, बाबा."

चहानं आजवर किती लोकांचे घात केले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. भिकाजी तसाच उठला. त्याची बायको हिरा मागून ओरडली, "अवो, दोन घास तरी खाऊन जावा!" पण तो तळेगावच्या वाटेला लागला होता. तिथून त्यानं लोकल धरली आणि उभ्या उभ्याच लोणावळा गाठलं.

चिक्कीच्या दुकानांच्या रांगेपुढं ती पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याभोवती मुंबईहून सुट्टीला आलेली माणसं फोटो काढत होती. शुभदा धावत येऊन गळ्यात पडली. योस्ट दारातून वाकून बाहेर आला. ताडमाड उंच, नाक उन्हानं सोललेलं. हात जोडून तो शिकवल्याप्रमाणं म्हणाला, "जय भीम, बाबा." भिकाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, पोटभर कौतुकानं गाडीकडं बघितलं आणि तडक उजवीकडचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसला. पुढ्यात स्टिअरिंग नव्हतं.

"ते या बाजूला आहे, बाबा," शुभदा हसत म्हणाली.

गाड्यांचा वायरमन बॉनेट उघडून आत वाकलेला होता. डायनामोची वाइंडिंग जळलीय, या गाडीचा नवा इथं मिळणार नाही, हाच उतरवून त्याची वाइंडिंग नव्यानं भरून घ्यावी लागेल, असं त्यानं सांगितलं. दोन-तीन दिवस तरी जातील. तोवर गाडी राहू द्या इथंच.

"हितं? हितं न्हाई ऱ्हानार," भिकाजी म्हणाला.

"मग टोचन करून न्या."

नेमका त्याच वेळी अंबाजीचा फोन आला. हिरानं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. "भिकाजी, ट्रॅक्टर जोडू का? साखळी हाय माज्याकडं. लोनावळ्यापास्नं वढत आनतो की."

"वढत आनायला ती काय भंगार हाय का?" भिकाजी कडाडला आणि फोन बंद केला. फोन बंद केल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. टोचन करून आलेली गाडी गावानं त्याच्या मरणापर्यंत विसरली नसती.

वायरमनला दया आली असावी. तो म्हणाला, "एक करता येईल. जुनी डिझेल गाडी आहे. माझ्या बॅटरीला वायर जोडून सुरू करून देतो. एकदा सुरू झाली की हिला वीज फारशी लागत नाही, जाईल परंदवडीपर्यंत. फक्त बंद करू नका. लाइट नको, एसी नको, हॉर्नसुद्धा बेतानं. मधे कुठं बंद केली तर खेळ खलास. डायनामो मी परवा गावात येऊन उतरवतो."

गाडी सुरू झाली. त्या घरघरीनं भिकाजीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणापासून त्यानं किल्लीची राखण स्वतःकडं घेतली. "किल्लीला कुनी हात लावायचा न्हाई. शुभे, तू बी न्हाई. काय व्हायचं ते हू दे." मग जावयाकडं वळून त्यानं इंग्रजीतही ताकीद दिली, "नो की! नो टच!" योस्टनं दोन्ही हात वर केले.

जुन्या हायवेला लागले तसा भिकाजी सैलावला. शुभदा गाडी झकास चालवत होती. आरशात बघून, आधी गिअर उतरवून, कुठं घाई नाही. हात देऊन रस्ता मागणाऱ्या म्हातारीला थांबून जाऊ दिलं तिनं. हे आपणच शिकवलेलं आहे, हे आठवून भिकाजीला इतका आनंद झाला की त्यानं उगाच खिडकीबाहेर बघितलं. त्याचा उजवा पाय मात्र सारखा नसलेला ब्रेक दाबत होता.

"किती दिस हाय मग मुक्काम?" त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं.

"दोन दिवस, बाबा. मग खाली हंपीला जायचं म्हणतोय. योस्टला फार बघायचंय."

"बरं," भिकाजी म्हणाला. बरं काही वाटलं नव्हतं. पण लेक इतक्या लांबून आलेली, तिच्यापुढं तोंड कुठं पाडायचं?

कार्ला फाट्याला गाड्यांची ही लांबलचक रांग लागली. सुट्टीचा दिवस, अर्धं पुणं लेण्यांना निघालेलं. गाडी मुंगीच्या पावलानं सरकू लागली आणि इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढायला लागला. गरमी वाढली की इंजिनाचा पंखा आपोआप फिरणार, आणि पंखा फिरला की उरलीसुरली बॅटरी पिणार, हे भिकाजीला कुणी सांगायला नको होतं.

"हीटर उगड."

"बाबा, मे महिना आहे."

"इंजिनाला काय म्हाईत मे हाय का डिसेंबर? त्याची गरमी आत येऊ दे. हीटरच्या पंख्याचं बटन दाबू नगंस, नुसता उगड."

त्यानंतर रांग सुटेपर्यंत त्या गाडीत तिघं जण अक्षरशः उकडून निघाले. मागं पलंगावर बसलेल्या योस्टचा रंग टोमॅटोसारखा झाला, पण त्या भल्या माणसानं तक्रार केली नाही. लेकीनं माणूस बरा निवडला, असं भिकाजीला तिथं पहिल्यांदा मनापासून वाटलं. काटा खाली आला. कामशेत मागं पडलं.

वडगाव फाट्यावर हवालदारानं हात केला. परदेशी नंबरची गाडी, डावीकडं बसलेली ड्रायव्हर बाई. त्यानं हात केला नसता तरच नवल. "कागद दाखवा. आधी गाडी बंद करा."

भिकाजी दार उघडून जवळजवळ उडी मारूनच उतरला. "सायेब, कागद सगळं हायती. तुमी म्हनाल तर मी हितं उन्हात हुभा ऱ्हातो. पन गाडी बंद करू नका. डायनामो गेलाय हिचा."

"कुठं निघालात?"

"माहेरी," शुभदा खिडकीतून म्हणाली.

हवालदारानं कागद चाळले. मग त्याला राहवेना. "आत बघू का जरा?" आणि आत डोकावून त्यानं पलंग बघितला, शेगडी बघितली, छोटंसं दार उघडून बघितलं आणि थक्क होऊन म्हणाला, "संडाससुद्धा?" योस्टनं त्याला कपाटातून ताट-वाट्या काढून दाखवल्या. शेवटी गाडीसोबत एक फोटो काढून घेऊन त्यानंच बाकीची वाहनं अडवली आणि यांना वाट करून दिली. इंजिन तेवढा वेळ घरघरत होतं आणि भिकाजी किल्लीसमोर पहारेकऱ्यासारखा उभा होता.

सोमाटणे फाट्यावरून गाडी परंदवडीच्या रस्त्याला वळली. उन्हं कलली होती. एका आंब्याच्या झाडाखाली शुभदानं गाडी थांबवली, सुरूच ठेवून, आणि म्हणाली, "बाबा, या इकडं. आता तुम्ही चालवा."

"मी? अगं गावाला सांगून बसलोय, तू चालवत येनार म्हनून!"

"गावात मीच चालवणार. कमानीपाशी बदलू. तिथपर्यंत तुम्ही. मी रॉटरडॅमला असतानाच ठरवलं होतं."

भिकाजीनं फार आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर एकदाही घेतले नाहीत. तो वळसा घालून डावीकडं चढला, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. गिअर उजव्या हाताला होता. पहिल्यांदा त्यानं डाव्या हातानं दाराची कडीच ओढली, पण दुसऱ्या वळणापर्यंत हाताला सगळं कळलं. मोठं स्टिअरिंग, उंच बैठक, खाली घरघरणारं डिझेल इंजिन. निवृत्त झाल्यापासून हे सगळं त्याच्या स्वप्नात यायचं. आत्ता ते हातात होतं, आणि शेजारी जाग्या डोळ्यांनी बघणारी लेक होती. भिकाजीला वाटलं, हा रस्ता आणखी दहा-बारा मैल लांब असता तर काय बिघडलं असतं?

पण कमान आली. कमानीपाशी सगळा गाव. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फुलांचं ताट घेतलेली हिरा, आणि थोडा बाजूला, ट्रॅक्टरवर रेलून, खांद्यावर साखळी टाकलेला अंबाजी. भिकाजीनं झोकात गाडी आणली आणि बरोब्बर एस.टी.च्या थांब्यावर उभी केली. न्यूट्रल केली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. दार उघडून पाय खाली टाकला.

उभ्या हयातीत त्यानं चालू इंजिन सोडून कधी सीट सोडली नव्हती. डेपोत पहिल्याच दिवशी शिकलेली गोष्ट. ती डोक्यात नव्हतीच, हातात होती. आणि हातानं आपलं काम चोख केलं.

लोणावळ्यापासून कानात बसलेली घरघर थांबली. विहाराच्या कर्ण्याचा आवाज तेवढा उरला.

"बाबा," शुभदा म्हणाली.

मागून योस्ट हळूच म्हणाला, "नो की. नो टच."

भिकाजीनं पुन्हा किल्ली फिरवली. टक्, एवढंच वाजलं. वायरमनच्या वायरी लोणावळ्याला. त्याचे कान लाल झाले. सगळ्या रस्त्यानं ज्या गोष्टीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, ती त्यानं स्वतःच्या हातानं, गावाच्या डोळ्यांदेखत केली होती. आणि अंबाजी साखळी खुळखुळवत येतच होता. "लावू का रं?"

"लाव," भिकाजी पुटपुटला. "माजीच चूक हाय. लाव."

"काही लावायची नाही," शुभदा म्हणाली. ती उतरून वळसा घालून आली होती. "बाबा, खाली व्हा. दुसऱ्या गिअरलाच टाकायची ना? बॅटरीत जीव नसला तरी दिवा अजून मिणमिणतोय, तेवढा पुरेल. अंबाजीकाका, ती साखळी ठेवा आणि मागं हात लावा. धक्का मारायचाय."

मग हिरानं फुलांचं ताट कमानीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पदर खोचला. "चला. डायवरची बायको हाय मी. धक्क्याची मला सवय हाय."

एवढं झाल्यावर मागं कोण राहतो? विहारातले आले, तालमीतले आले, भावकीतले ते सगळे आले. अंबाजीनं साखळी ट्रॅक्टरवर फेकली आणि भिकाजीच्या शेजारी खांदा लावला.

"किल्ली चालू ठिव!" भिकाजी मागून ओरडला. "क्लच दाबून धर! मी म्हनल तवा सोड!"

"माहितीये, बाबा!"

घरगाडी जड होती. आत सगळा संसार होता, जड असायचीच. पाय घसरले, कुणाची तरी चप्पल तुटली, आणि मग चाकं सरकली. कमानीपासून विहारापर्यंत थोडा उतार आहे. त्यावर तिनं वेग घेतला. "सोड!" गाडीनं गचका खाल्ला, खोकली आणि पुन्हा गप्प झाली. "आजून एकदा! हां, जोर लावा!" दुसऱ्या गचक्याला इंजिन धडधडलं, काळ्या धुराचा लोट सगळ्या पांढऱ्या कपड्यांवर बसला आणि गाडी हातांतून सुटून पुढं निघाली.

भिकाजी रस्त्यात तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढं धरून. नव्या शर्टाचं काही राहिलं नव्हतं. गाडी विहारावरून वळली, त्याच्या घराच्या बोळात शिरली. चालत. शुभदाच्या हातची. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"आली की रं चालवत," अंबाजी धापा टाकत म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. "आमी नुसता हात लावला."

भिकाजी घरापाशी पोचला तेव्हा गाडी दारात उभी होती, ओट्याला लागून, सरळ रेषेत. इंजिन अजून सुरूच होतं. शुभदा सीटवर वाट बघत होती.

"आगं, बंद कर की आता."

"तुम्ही करा," ती म्हणाली. "सबंध रस्ता राखलीत ती. तुमचाच मान."

भिकाजीनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग त्यानं किल्ली काढून घेतली आणि काळ्या झालेल्या शर्टाच्या खिशात टाकली, डेपोत गाडी लावल्यावर टाकायचा तशी.

"बाबा, किल्ली?"

"ऱ्हाऊ दे. मुक्कामाची गाडी हाय ही."

शुभदा खाली उतरली, बापाच्या खिशावर एकदा हात ठेवला आणि हसायला गेली, पण हसू नीट आलं नाही.

"पहाटे सुटते ना पण मुक्कामाची गाडी?"

"न्हाई गं," भिकाजी म्हणाला. "हिचा डायनामो गेलाय."